गळकी नाव, भिजलेली गाडी

वसई-विरारच्या गॅरेजांत जुलै लागला की एक तक्रार हमखास येते. काचा बंद, दारं बंद, तरी पायाखाली पाणी! मालक पावसाला बोल लावतो. 2018च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळ बुडालेले ज्यानं पाहिले, त्याला तसं वाटणारच. पुराचं पाणी खालून शिरतं, ती गोष्ट वेगळी. पण रोजचा पाऊस गल्लीतल्या सगळ्याच टपांवर पडतो आणि आतून भिजते एखादीच गाडी. मग दोष कुणाच्या माथी मारायचा?

सोपाऱ्याच्या भूमीवर हा प्रश्न शोभून दिसतो. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली जिथला स्तूप उकरला, ते सोपारा म्हणजेच शूर्पारक हे जुनं बंदर. नाव गळणं म्हणजे काय, हे तिथल्या खलाशांना शिकवावं लागलं नसेल. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात केशी आणि गौतम या मुनींचा संवाद आहे. त्यात शरीर ही नाव, जीव हा नावाडी, संसार हा समुद्र. आणि गळकी नाव पैलतीर गाठत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कर्म आत झिरपतं तो आस्रव, ते रोखणं हा संवर आणि साठलेलं झडून जाणं ही निर्जरा. कर्मबंधाच्या पाच कारणांत एक आहे प्रमाद, म्हणजे गाफीलपणा.

गाडीतली गळती बहुधा या प्रमादातूनच होते. वायपरखालच्या जाळीत चिंचेची बारीक पानं कुजतात, निचऱ्याची वाट चोंदते आणि तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेनं आत उतरतं. सनरूफच्या नळ्यांचं तेच. दाराचं रबर कडक होऊन चिरतं. एसीची नळी तुंबली तर कोरड्या दिवशीही प्रवाशाच्या पायाशी ओल येते. ओल चिकट असेल आणि तिला गोडसर वास असेल, तर ते कूलंट. तिथं पावसाचा काही संबंध नाही.

लोक मात्र संवर सोडून निर्जरेपासून सुरुवात करतात. मॅट उन्हात टाकतात, सुगंधी डबी लावतात. गालिच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो, पत्रा गंजत राहतो.

याच्या उलट टोकालाही काही जण जातात. दिसेल ते भोक सिलिकॉननं बुजवायचं! दाराच्या तळाची भोकं कंपनीनंच ठेवलेली असतात, कारण काचेच्या फटीतून दारात थोडं पाणी उतरायचंच. ती बुजवली की दार आतून सडतं. तत्त्वार्थसूत्रानं संवराच्या साधनांत समिती सांगितली आहे: चालणं, बोलणं, खाणं सावधपणे करणं. सगळ्या वाटा बंद करण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि जास्त खरंही.

तेव्हा मृग लागण्याआधी एका रविवारी जाळीतली पानं हातानं काढावीत. मग एकानं टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्यानं बाहेरून पाइप धरावा आणि पाणी खालून वर नेत मारावं. आधीच टपावर ओतलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि नेमकी फट सापडत नाही.