खेळाचे आयुर्मान

चांगली वस्तू टिकते आणि हिणकस वस्तू मागे पडते, असा आपला एक जुना विश्वास आहे. वरवर पाहता हे व्यापाराविषयीचे विधान वाटते. पण त्याच्या तळाशी एक नैतिक आशा दडलेली असते. गुणाची कदर होते, आज ना उद्या योग्य त्याच्या पदरात माप पडते, ही ती आशा. बाजारात एखादी वस्तू किती वर्षे राहते आणि कशामुळे राहते, हा प्रश्न म्हणूनच अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येत नाही. त्याचा विचार करण्यास खेळांसारखे दुसरे साधन नाही. खेळावाचून कोणाचे अडत नाही. त्यामुळे तो का टिकला किंवा का बुडाला, याची कारणे धान्याच्या किंवा कापडाच्या मानाने अधिक स्वच्छ दिसतात.

म्हैसूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला या बाबतीत फार लांब जावे लागत नाही. गंजिफा हा त्याच्या दोन्ही घरांचा खेळ आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपल्याला ऐकून तरी ठाऊक असते. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून केलेली, हाताने रंगविलेली आणि लाखेने चकचकीत केलेली ती वाटोळी पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने. खेळणारे बहुधा तीन. हुकूम नाही, आहे ती सारी स्मरणशक्तीची कसोटी. पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव मांडला तर रामाने आरंभ करावयाचा, रात्री मांडला तर कृष्णाने. सूर्य मावळल्याची दखल घेणारा पत्त्यांचा खेळ जगात क्वचितच असेल.

इकडे म्हैसुरात मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी याच खेळाचा केवढा तरी विस्तार केला. १८३१ साली इंग्रजांनी त्यांच्या हातून राज्यकारभार काढून घेतला. १८६८ साली मृत्यू येईपर्यंत ते नावाचे राजे राहिले. त्या सक्तीच्या सवडीत त्यांनी चित्रकला, संगीत आणि खेळ यांना जवळ केले. पत्त्यांना त्यांनी ‘छद’ म्हणजे पान असे संस्कृत नाव दिले आणि नवे नवे संच रचले. त्यांतील मोठ्या संचांची पाने ३२० आणि ३६० पर्यंत जातात. ‘श्रीतत्त्वनिधि’ या आपल्या प्रचंड ग्रंथाचा ‘कौतुकनिधि’ हा भाग त्यांनी अशाच गोष्टींसाठी राखून ठेवला. बुद्धीची श्रीमंती, चित्रांचे सौंदर्य, पुराणांचा आधार, राजाचा आश्रय, यांपैकी या खेळाला काय कमी होते?

तरीही तो राजवाड्याच्या भिंतींबाहेर रुजला नाही. छापखान्यातून निघालेल्या बावन्न पानांच्या विलायती जोडाने छदांना तर मागे टाकलेच, पण पेशवाईत घरोघर खेळल्या जाणाऱ्या साध्या गंजिफेलाही हुसकावून लावले. बावन्न पाने अधिक सुंदर नव्हती आणि त्यांचे खेळ अधिक खोल होते असेही म्हणता येणार नाही. ती स्वस्त होती, हे एक कारण. दुसरे कारण आपणा बदलीच्या नोकरीतील माणसांना चटकन पटेल. नव्या गावी बदली झाली की क्लबात किंवा आगगाडीच्या डब्यात ब्रिजला, रमीला भिडू मिळतात. भाषा न येताही मिळतात. गंजिफेला कोण मिळणार? जो खेळ येणारी माणसे पुष्कळ, तो आणखी माणसे शिकतात. ज्याला माणसे थोडी, तो आहेत तीही सोडून जातात. गुण सभेत प्रवेश मिळवून देतो, पण तेथे बसून राहावयाचे तर संगत लागते.

हाच न्याय आजच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांनाही लागू पडतो. सेगा या जपानी कंपनीने १९९८ साली ‘ड्रीमकास्ट’ नावाचे यंत्र आणले. टेलिफोनच्या तारेने दूरच्या माणसाशी खेळण्याची सोय त्यात अंगचीच होती. जाणकारांनी ते वाखाणले. तरी २००१ च्या मार्चमध्ये त्याचे उत्पादन थांबले. सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ मात्र २००० साली आले आणि २०१३ पर्यंत कारखान्यातून निघत राहिले; पंधरा कोटींहून अधिक यंत्रे खपली. त्यावर आधीच्या यंत्राचे खेळ चालत, चित्रपटांच्या डीव्हीडी लागत. मुख्य म्हणजे खेळ रचणारे तिकडे वळले. या धंद्याची गोम अशी की नफा यंत्रापेक्षा खेळांवर अधिक असतो. रचणारे जातात खेळणाऱ्यांच्या मागे आणि खेळणारे जातात खेळांच्या मागे. हे चक्र एकदा फिरू लागले की यंत्राला दीर्घायुष्य लाभते, आणि न फिरले तर गुणी यंत्रही अल्पायुषी ठरते.

संगतीखालोखाल येते ती किंमत. २००६ साली सोनीचे पुढचे यंत्र निघाले, पण त्याने जुने मेले नाही. आपल्यासारख्या देशांत उतरलेल्या किमतीला तेच परवडत होते. हनुमानावरचा एक खेळ हिंदुस्थानात तयार होऊन २००९ साली निघाला तो जुन्या प्लेस्टेशन २ साठीच. ब्राझीलमध्ये तर १९८९ साली आलेले सेगाचे एक जुने यंत्र या शतकातही विकले जात होते. ज्याला धनिक देश जुने म्हणतात, ते दुसऱ्या घरी नवे म्हणून येते. जुने आणि नवे हे पंचांगावर कमी आणि खिशावर अधिक अवलंबून असते. तिसरे कारण सुट्या भागांचे. निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ जपानात १९८३ ते २००३ अशी वीस वर्षे तयार होत होता. थांबला तो भाग मिळेनासे झाले म्हणून.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगत, किंमत, सुटे भाग आणि उत्पादकाची मर्जी, यांनी जर आयुष्य ठरत असेल, तर बाजार अन्यायी म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. बाजार हा न्यायाधीश नाही. तो मोजणीदार आहे. किती माणसे कोठे उभी आहेत एवढेच तो सांगतो. त्याच्या मोजणीला आपण निकाल समजतो आणि मग हरलेल्या वस्तूला, कधीकधी हरलेल्या माणसालाही, नालायक ठरवितो. दोष असलाच तर तो आपल्या या वाचनाचा आहे.

पण नीतीचा प्रश्न येथे संपत नाही. एखादी वस्तू करणे थांबविण्याचा अधिकार उत्पादकाला आहेच. कारागिराला जन्मभर एकाच पानावर रंग भरण्यास कोणी भाग पाडू शकत नाही. विकलेली वस्तू निरुपयोगी करण्याचा अधिकारही त्याला आहे काय? सावंतवाडीच्या एखाद्या घरात पणजीच्या पेटीत गंजिफा सापडली, तर तीन माणसे आज रात्रीही कृष्णापासून डाव सुरू करू शकतील. चिताऱ्याचे दुकान केव्हाच बंद झाले असेल, पण त्याचे दुकान आणि हा डाव यांचा संबंध विक्रीच्या दिवशीच तुटला. याउलट युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ पाहा. कंपनीच्या दूरच्या संगणकाशी जोडल्यावाचून तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी ते संगणक बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या घरात असून नसल्यासारखा झाला. युरोपात यावरून मोठी चळवळ उभी राहिली, ती उगाच नव्हे.

कोणी म्हणेल, अशी यंत्रणा अनंतकाळ चालविण्याचा खर्च कोणी सोसावा? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच कर्तव्याला मर्यादा हवी. पुरेशी पूर्वसूचना द्यावी. काही वर्षे दुरुस्ती करावी, जशी निन्टेंडोने फॅमिकॉमची २००७ पर्यंत केली. आणि आपण हात काढून घेताना दुसऱ्याला तो खेळ चालविण्याची मोकळीक ठेवावी. कृष्णराजांनी याहून वेगळे काय केले? आपल्या मागे खेळणारे राहतील याची शाश्वती त्यांना देता येत नव्हती. राज्यच जेथे हातचे गेले होते, तेथे खेळाची काय कथा! पण खेळांचे ज्ञान त्यांनी ग्रंथात लिहून ठेवले. पुढच्यांना हवे असेल तर त्यांची वाट मोकळी राहावी, एवढे मागे ठेवणे त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी केले. आपल्या खुर्चीची मुदत दुसऱ्याच्या हुकमाने संपते हे जाणणाऱ्या अधिकाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावयास नको. येणाऱ्याला कागदपत्रे नीट लावलेली मिळावीत, एवढे तर त्याच्याही हाती असते.

कर्तव्य घेणाऱ्याचेही आहे. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, जुन्या चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच ती पुन्हा उभी केली. म्हैसूरच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाने आज विकत मिळतात. पण घेणारे ती बहुतेक भेट देण्यासाठी आणि भिंतीवर लावण्यासाठी घेतात. फॅमिकॉम बाजारातून उठून दोन दशके झाली तरी हौशी लोक तो खेळतात. गंजिफा बाजारात आहे, पण खेळली जात नाही. या दोहोंत जिवंत कोणते म्हणावयाचे? बाजारातील आयुष्य आणि खेळाचे आयुष्य एक नव्हे. पहिले इतरांच्या हाती असते. दुसऱ्याचा काही भाग तरी आपल्या हाती आहे. म्हैसूरहून किंवा सावंतवाडीहून गंजिफेचा जोड आणणाऱ्याने पानांबरोबर नियमही विचारून घ्यावेत आणि रविवारी दोन भिडू गाठावेत. दिवसा बसावयाचे असेल तर आरंभ रामापासून करावयाचा आहे.