वाट नकाशावर असेल तरच

फोर-बाय-फोर गाडी घेऊन डोंगर तुडवणाऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही पैशाची मस्ती आहे, सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो, जबाबदारीने चालवणाऱ्याला अडवू नका. दोघेही चालकाच्या स्वभावावर बोलतात. चाकाखालच्या मातीला मात्र सज्जनाची गाडीही तेवढीच जड असते, आणि धोरण ठरवायचं तर ते मातीकडे पाहून ठरवायला हवं.

कास, आंबोली इथले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात निव्वळ ओसाड कातळ वाटतात. गाडी घालायला याहून निर्धोक जागा नाही असं कुणालाही वाटावं. पण कातळाच्या खोलगट भागांत मातीचा पातळ थर असतो आणि पावसाळ्यापुरती उगवणारी सृष्टी त्यात बी होऊन, कंद होऊन पडून असते: गेंद, सीतेची आसवं, कासच्या परिसरातला वायतुरा. २००९ साली विज्ञानाला नव्याने ठाऊक झालेला आंबोलीचा टोड कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. नेमक्या याच पावसाळी दिवसांत चिखलाच्या ओढीने गाड्या वर चढतात. (जाहिरातीतली गाडीही ओढ्यातून पाणी उडवतच जाते, डांबरी रस्त्यावर शिस्तीत उभी असलेली कोण विकत घेईल?) ओली माती चाकाखाली दबली की पाणी मुरेनासं होतं, चाकोरीतून धावू लागतं आणि चाकोरीची घळ होते. मागचा चालक ती घळ चुकवायला शेजारच्या गवतात गाडी घालतो, आणि एका वाटेच्या चार होतात. माणसांच्या आणि वाहनांच्या वर्दळीच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट वारंवार दिसली आहे: कोऱ्या जमिनीची बरीचशी हानी पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जाते, पुढच्या फेऱ्या तुलनेने थोडी भर घालतात. ‘आम्ही मोजकेच जण जातो’ हा बचाव इथेच कोसळतो. दहा गाड्यांनी पाडलेल्या दहा नव्या वाटांपेक्षा एकाच जुन्या वाटेवरच्या शंभर गाड्या परवडल्या.

अमेरिकेने हा धडा फार सावकाश घेतला. सार्वजनिक जमिनींवर अशा वाहनांसाठी क्षेत्रं आणि वाटा ठरवून द्या, असा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ साली काढला. देशात अशी सुमारे ५० लाख वाहनं असल्याचा अंदाज त्या आदेशातच आहे. मोठी हानी दिसताच वाट तत्काळ बंद करण्याची तरतूद कार्टर यांनी १९७७ मध्ये जोडली. तरी पुष्कळ राष्ट्रीय वनांत बंदीचा फलक नाही म्हणजे रान मोकळं, हाच रिवाज राहिला. १९८५ साली वनसेवेने ‘ट्रेड लाइटली’ ही शिष्टाचाराची मोहीम काढली. पण २००३ मध्ये वनसेवेच्या प्रमुखांनी बेलगाम मनोरंजनाची गणना वनांपुढच्या चार मोठ्या धोक्यांत केली. अखेर २००५च्या नियमाने रिवाज उलटा केला. प्रत्येक वनाने नकाशा काढायचा, कोणत्या वाटेवर कोणतं वाहन कधी चालेल ते त्यात दाखवायचं. नकाशात नसेल ती वाट बंद. कुणी फलक उपटला तरी नियम जागेवर राहतो, ही त्यातली खुबी.

आपल्या सड्यांनाही हाच नियम हवा. यावर पहिला आक्षेप असा की बॉक्साइटच्या खाणींनी आणि पवनचक्क्यांच्या रस्त्यांनी सड्यांचं याहून कितीतरी अधिक नुकसान केलं. खाणींशी तर तुलनाच नको. पण त्यामुळे उरलेला सडा नांगरायचा परवाना मिळत नाही. उलट तयार झालेले रस्ते याच हौसेला वापरता येतील. दुसरा आक्षेप वजनदार आहे: केरळच्या २०१८च्या महापुरात ऑफ-रोड क्लबांच्या गाड्या मदतीला धावल्या होत्या, आणि ते कौशल्य सरावानेच येतं. मान्य. मात्र सरावाला चढ, चिखल आणि दगड लागतात, दुर्मीळ वनस्पती लागत नाहीत. बंद पडलेल्या दगडखाणीत हे तिन्ही मिळतात. तिसरा प्रश्न अंमलबजावणीचा, आणि तो खरोखर अवघड आहे. राखीव वनासाठी १९२७चा वन अधिनियम आहे, अभयारण्यासाठी १९७२चा वन्यजीव कायदा. पण पुष्कळ सडे गावकीच्या, महसुली किंवा खासगी जमिनीवर आहेत आणि तिथे वनरक्षकाचा हात पोचत नाही. म्हणून नकाशा ग्रामसभांना सोबत घेऊनच व्हायला हवा. ठरलेल्या वाटेचं शुल्क गावाला मिळालं, तर आडवाटेने निघालेली गाडी गावच अडवील. पुढच्या पावसाळ्याआधी सातारा आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांपुरता तरी असा नकाशा निघावा, आणि त्याची मागणी ऑफ-रोड क्लबांनीच आधी करावी.