परींचे कोट आणि मनांतील भय

आयर्लंड देशांत शेतांमध्यें मातीचा बांध व खंदक यांनीं वेढलेलीं वाटोळीं स्थळें ४०,००० हून अधिक आहेत. इ. स. ५०० ते १००० च्या सुमारास शेतकऱ्यांनीं आपल्या घरांच्या व गुरांच्या रक्षणार्थ तीं बांधिलीं, असें शोधक सांगतात. परंतु खेड्यांतील लोक त्यांस परींचे कोट म्हणत आले. ह्या परी आमच्या गोष्टींतल्या पंखवाल्या सुंदरी नव्हेत. भूमीच्या पोटांत राहून माणसांस पळवून नेणारी ती एक अदृश्य जात, अशी कल्पना आहे. कोटावर नांगर घातला किंवा तेथील कांटेरी झाड तोडिलें, तर घरांत आजार किंवा गोठ्यांत मरी शिरते, असा धाक.

ह्या धाकानें पुष्कळ कोट राखिले, हें खरें. तेव्हां कोणी पुसेल कीं, ज्या भयाचें फळ चांगलें तें भय वाईट कसें? प्रश्न सोपा नाहीं. आणि नांगर वळविणाऱ्या त्या शेतकऱ्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस आहे असें वाटत नाहीं.

पण हेंच भय १८९५ सालीं टिपरेरी परगण्यांतील एका घरांत शिरलें. ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुण स्त्री आजारी पडली. डॉक्टर येऊन गेला, धर्मगुरुही येऊन गेला. तरी तिचा नवरा मायकल म्हणूं लागला कीं, ही माझी बायको नव्हे. तिला परींनीं नेऊन तिच्या ठिकाणीं दुसरेंच कोणी ठेविलें आहे. नातलगांनीं तिला धरून झाडपाल्याचें कडू औषध पाजिलें, आणि तूं खरोखर ब्रिजेटच काय, असें देवाच्या नांवानें वारंवार पुसलें. देवाच्या नांवानें! १५ मार्चच्या रात्रीं नवऱ्यानें तिला जाळिलें. तिचा बाप त्या घरांतच होता.

त्या देशांत पॅट्रिकनें सुवार्ता गाजविली ती पांचव्या शतकांत. इतकीं शतकें प्रभूचें नांव घेणाऱ्या लोकांत हें घडलें. तर बाप्तिस्म्याबरोबरच मंडळींतून भुताखेतांचें भय गेलें, असें आमच्या उपदेशक बंधूंनीं समजूं नये. आम्हीही एके काळीं तसें समजत होतों. भय झाडास राखतें तें झाडावरील प्रीतीनें नव्हे. म्हणूनच तें एखादे दिवशीं आजारी बायकोसही परकी ठरवितें. कोट राखावयाचे, तर पूर्वजांच्या श्रमांचें स्मरण म्हणून राखतां येतात. त्याला परी लागत नाहींत.

न्यायालयानें मायकलास मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची शिक्षा दिली. १९१० सालीं तो सुटला. पण आमच्या मनांतून जात नाहीं तें निराळेंच. बायकोस जाळल्यावर तो रात्रीं जवळच्या कोटापाशीं जाऊन बसे. ती पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल, आणि तिचीं बंधनें कापून आपण तिला घरीं आणूं, असें तो लोकांस सांगे.