मंत्रिमंडळ आणि सदसद्विवेकबुद्धि

देशाच्या मंत्रिमंडळांत फेरबदल व्हावयाचा आहे अशी नुसती कुणकुण लागली कीं वृत्तपत्रांचे रकाने भरूं लागतात. कोण आंत येणार, कोण बाहेर जाणार, अर्थखातें कोणाच्या पदरांत पडणार, कोणत्या प्रांतास किती जागा मिळणार, ह्याचे अंदाज गांवच्या चावडीपासून दिल्लीपर्यंत बांधले जातात. शपथविधि उरकला म्हणजे ज्यांस मिळालें त्यांच्या गळ्यांत हार, आणि ज्यांस मिळालें नाहीं त्यांच्या घरीं सुतक. ह्या गलबल्यांत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं, व तोच आम्हांस आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. मंत्रिमंडळांत शिरणारा मनुष्य आपल्या सदसद्विवेकबुद्धीचें काय करतो? ती जोड्यांप्रमाणें दाराबाहेर काढून ठेवतो, कीं बरोबर घेऊन आंत जातो? आणि बरोबर नेली असल्यास, ती त्यास स्वस्थ बसूं देईना तेव्हां त्यानें काय करावें?

प्रथम नियम काय आहे तें पाहूं. भारताच्या राज्यघटनेच्या ७५ व्या कलमान्वयें राष्ट्रपति पंतप्रधानांची नेमणूक करतात, व इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्यानें करतात. हें मंडळ लोकसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असतें. प्रत्येक मंत्री दोन शपथा घेतो. एक अधिकारपदाची व दुसरी गुप्ततेची. ह्या दोहोंतून जो रिवाज निघाला तो असा कीं, बंद दाराआड कितीहि वाद होवो, दार उघडल्यावर सर्वांचें तोंड एक असावें. ज्या मंत्र्याचें म्हणणें आंत पडलें, त्यानेंहि बाहेर येऊन त्याच निर्णयाचें समर्थन करावें.

आतां एखादा सरळ मनाचा मनुष्य म्हणेल, हें तर उघड खोटें बोलणें झालें! मनांत एक व ओठांवर दुसरें, ह्यास आम्ही घरींदारीं ढोंग म्हणतों. मग दिल्लींत तेंच शिष्टाचार कसें होतें? हा आक्षेप हलका नाहीं. परंतु आमच्या मतें मंत्री जेव्हां लोकसभेंत उभा राहतो तेव्हां तो ‘माझें मत असें आहे’ असें सांगत नसतो. ‘आम्हीं सर्वांनीं असें ठरविलें आहे, व त्याचें बरेंवाईट जें होईल त्याचा वांटा मी उचलतों’ असें तो सांगत असतो. ह्या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. खरें ढोंग निराळेंच असतें, व तें खेड्यांतील लोकांस ओळखून देण्याची गरज नाहीं. पंचांत बसून मान डोलवावयाची, आणि रात्रीं पारावर येऊन ‘मी तर आरंभापासून विरुद्धच होतों’ असें कुजबुजावयाचें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. निर्णयाचा मान हवा, पण त्याचा दोष नको, असा हा स्वभाव आहे. दिल्लींतला पार म्हणजे वृत्तपत्रांचे बातमीदार, एवढाच भेद.

तथापि मंत्र्याचें मौन प्रामाणिक राहण्यास एक अट आहे. बाहेर जाण्याचें दार उघडें असलें पाहिजे, व प्रसंग पडल्यास त्या दारानें जाण्याची त्याची तयारी असली पाहिजे. ज्यानें कांहीं झालें तरी उठावयाचें नाहीं असें ठरविलें आहे, त्याच्या मौनांत निष्ठा किती व खुर्चीचा लोभ किती, हें त्याचें त्यासहि सांगतां यावयाचें नाहीं.

सामुदायिक जबाबदारी नसली तर काय होतें, ह्याचा दाखला आपल्याच इतिहासांत आहे. २ सप्टेंबर १९४६ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या नेतृत्वाखालीं हंगामी सरकार अधिकारावर आलें. ऑक्टोबरच्या अखेरीस मुस्लिम लीग त्यांत सामील झाली. तिच्या पांच सभासदांस जागा करून देण्यासाठीं शरच्चंद्र बोस, शफात अहमद खान व सय्यद अली झहीर ह्यांस बाहेर पडावें लागलें, आणि खात्यांची पुन्हां वांटणी झाली. लीगला एखादें वजनदार खातें पाहिजे होतें. गृहखातें सरदार वल्लभभाई पटेल ह्यांजकडे होतें, व तें सोडण्यापेक्षां सरकारच सोडीन अशी त्यांची भूमिका होती. तेव्हां डॉ. जॉन मथाई ह्यांजकडील अर्थखातें लियाकत अली खान ह्यांस देण्यांत आलें. पैशाच्या किल्ल्या लीगच्या हातीं गेल्या, व प्रत्येक खात्याची मागणी तेथें जाऊन अडूं लागली. मौलाना अबुल कलाम आझाद ह्यांनीं पुढें आपल्या आठवणींत हें खातें देणें ही चूक ठरविली आहे. पण आमच्या समजुतीप्रमाणें चूक खात्याची नव्हती. कोणतेंहि खातें दिलें असतें तरी तेंच झालें असतें. कारण लीगचे सभासद पंडितजींस आपले प्रमुख मानावयास तयार नव्हते, व दोन्ही पक्षांचे लोक एका मेजाभोंवतीं बसून दोन सरकारें चालवीत होते. एकमेकांच्या निर्णयाचा भार उचलण्याची इच्छाच जेथें नाहीं, तेथें खात्यांचा फेरबदल करणें म्हणजे एका घरांत दोन चुली असतां भांड्यांची अदलाबदल करणें होय.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं जें मंत्रिमंडळ झालें त्याची रचना ह्याच्या अगदीं उलट होती. पंडितजींसह चौदा जण, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी व षण्मुखम् चेट्टी हे तिघे असे कीं ज्यांचें राजकारण काँग्रेसच्या बाहेर, किंबहुना तिच्या विरुद्ध झालेलें. महाराष्ट्राचे काकासाहेब गाडगीळ त्यांत होते. राजकुमारी अमृत कौर व डॉ. मथाई हे दोघे ख्रिस्ती होते. परंतु आमचे म्हणून दोन आले असा हिशेब त्या वेळीं आपल्या समाजानें केला असल्यास तो कोता होता, कारण त्यांची निवड त्यांच्या कर्तृत्वावरून झाली होती.

अशा मंत्रिमंडळांत मतभेद होणें अटळच होतें. एप्रिल १९५० मध्यें नेहरू व लियाकत ह्यांनीं दोन्ही देशांतील अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार केला, तेव्हां डॉ. मुखर्जी व क्षितीशचंद्र नियोगी ह्यांनीं राजीनामे दिले. त्याच वर्षीं नियोजन मंडळाच्या अधिकारांच्या प्रश्नावरून डॉ. मथाई बाहेर पडले. डॉ. मुखर्जींचें मत आम्हांस पटो वा न पटो (त्या कराराच्या बाबतींत आम्हांस तें पटत नाहीं), परंतु ज्या निर्णयाचें समर्थन आपल्यानें व्हावयाचें नाहीं त्याच्या सावलींत बसूं नये, हें त्यांचें करणें योग्यच होतें. मत चुकीचें असून वर्तन चोख असूं शकतें; पुष्कळ वाचकांस ही गोष्ट मान्य करणें जड जातें, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत.

सप्टेंबर १९५१ मध्यें बाबासाहेबांनीं राजीनामा दिला. हिंदु कायद्याच्या संहितेचें विधेयक त्यांनीं वर्षानुवर्षें खपून पुढें आणलें होतें, व तें अर्ध्या वाटेवर सोडण्यांत आलें. त्यांनीं इतरहि कारणें दिलीं. दलितांकडे होणारें दुर्लक्ष, परराष्ट्रीय धोरण, आणि महत्त्वाच्या खात्यांपासून आपणांस दूर ठेवल्याची तक्रार. ह्या शेवटच्या कारणावरून कांहीं टीकाकार असें म्हणत आले आहेत कीं येथें तत्त्वाबरोबर मानापमानहि होता. असेल. मनुष्याचा हेतु गाळलेल्या पाण्यासारखा क्वचितच असतो. पण त्यांनीं आपली तक्रार लपवून नुसतें तत्त्व पुढें केलें नाहीं. जें होतें तें सर्व मांडलें. ११ ऑक्टोबर रोजीं ते सभागृहांत निवेदन करावयास आले असतां, निवेदनाची प्रत आगाऊ द्यावी असें उपसभापतींनीं म्हटलें. तेव्हां ते सभागृह सोडून गेले व त्यांनीं तें निवेदन वृत्तपत्रांस दिलें. पुढें १९५५ व १९५६ सालीं तेंच काम चार निरनिराळ्या कायद्यांच्या रूपानें तडीस गेलें, व त्यांतील विवाह आणि वारसा ह्यांविषयींचीं विधेयकें हरि विनायक पाटसकर ह्यांनीं चालविलीं. ज्यानें जमीन नांगरली त्याच्या हातीं विळा राहिला नाहीं. राजीनाम्याची खरी किंमत ही असते. बंगला व मोटार जाते ती नव्हे.

महाराष्ट्रास अधिक जवळचें उदाहरण चिंतामणराव देशमुख ह्यांचें आहे. कुलाबा जिल्ह्यांतील नाते ह्या गांवचें हें घराणें. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५० पासून अर्थमंत्री, व १९५२ सालीं कुलाब्यांतूनच लोकसभेवर निवडून आलेले. राजकारणी म्हणून नव्हे, तर हिशेबाचा चोख मनुष्य म्हणून त्यांचा लौकिक. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचनेंत मुंबई शहर महाराष्ट्रास न देतां केंद्राच्या अमलाखालीं ठेवण्याचें सरकारनें जाहीर केलें, मुंबईंत गोळीबार होऊन माणसें पडलीं, आणि जुलै महिन्यांत देशमुखांनीं राजीनामा देऊन लोकसभेंत आपलीं कारणें सांगितलीं. मुंबईवर महाराष्ट्राचा हक्क आहे एवढेंच सांगून ते थांबले असते तर त्यांस प्रांताभिमानी म्हणून बाजूस सारतां आलें असतें. परंतु त्यांचा रोख पद्धतीवर होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निर्णय मंत्रिमंडळाचें मत रीतसर न घेतां जाहीर झाला, व गोळीबाराची चौकशी नाकारण्यांत आली, असें त्यांनीं पंतप्रधानांच्या समोर सांगितलें. पंडितजींनीं हा आरोप मान्य केला नाहीं. त्या वादांत आज पडण्याचें कारण नाहीं. पण देशमुखांनीं कशावर बोट ठेवलें तें पाहण्यासारखें आहे. मी सर्वांच्या निर्णयाचा भार उचलावा असें म्हणतां, तर आधीं तो सर्वांचा निर्णय तरी असूं द्या! सामुदायिक जबाबदारी ही दुहेरी गांठ आहे. ती मंत्र्यास जशी बांधते तशी पंतप्रधानांसहि बांधते. देशमुख पुढें विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु झाले, पण मंत्रिमंडळांत पुन्हां आले नाहींत.

राजीनाम्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो ह्याच वर्षांत घडला. सप्टेंबर १९५६ मध्यें महबूबनगरजवळ व नोव्हेंबरमध्यें अरियालूरजवळ, अशा दोन भयंकर रेल्वे दुर्घटना झाल्या. प्रत्येकींत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. रेल्वेमंत्री लालबहादुर शास्त्री ह्यांचा पहिल्या वेळचा राजीनामा परत करण्यांत आला, दुसऱ्या वेळचा स्वीकारण्यांत आला. पूर कांहीं शास्त्रींनीं आणला नव्हता, पूलहि त्यांनीं बांधला नव्हता. मग ही प्रायश्चित्ताची भाषा कशास? राजीनामा स्वीकारतांना पंडितजींनींहि हें मान्य केलें कीं अपघातास शास्त्री जबाबदार नव्हते. परंतु शासनाच्या शिस्तीस एक दाखला मिळावा म्हणून तो स्वीकारीत आहों, असें त्यांनीं सांगितलें. आम्हांस ह्यांत नाटक दिसत नाहीं. खातें नीट चाललें म्हणजे श्रेय मंत्र्याचें, व बिघडलें म्हणजे दोष खालच्या कारकुनाचा, हा न्याय जेथें रूढ आहे तेथें कोणी तरी ही रीत उलटी करून दाखवावी लागते. १९५८ सालीं मुंदडा प्रकरणीं न्यायमूर्ति महंमद करीम छागला ह्यांनीं मुंबईंत उघड चौकशी करून हेंच तत्त्व कठोरपणें लावलें. सचिवाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्यास झटकतां येत नाहीं असें त्यांनीं म्हटलें, व अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांस जावें लागलें. ते १९६२ सालीं परत आले, शास्त्री तर १९५७ सालींच परत आले. परत येण्यांत दोष नाहीं. परत येण्याचा करार आधीं करून जाण्यांत मात्र आहे.

१९६३ सालच्या कामराज योजनेनें ह्या सर्वांत एक विलक्षण घोटाळा केला. पक्षाच्या कार्यास वाहून घेण्यासाठीं मंत्र्यांनीं पदें सोडावींत अशी ती योजना. सर्वांनीं आपले राजीनामे पंडितजींच्या हातीं दिले, व त्यांतून सहा केंद्रीय मंत्र्यांचे आणि सहा मुख्यमंत्र्यांचे स्वीकारण्यांत आले. हेतु त्यागाचा होता असें सांगण्यांत आलें. पण कोणाचा त्याग स्वीकारावयाचा हें दुसऱ्यानेंच ठरवावयाचें असेल तर त्यास त्याग म्हणावें कीं बडतर्फी, हें त्या बारा जणांपैकीं कित्येकांसहि कळलें नसावें. तेव्हांपासून राजीनामा हा शब्द दोन अगदीं भिन्न गोष्टींस लावला जाऊं लागला.

पंतप्रधानांस आपले सहकारी बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे, व तो असलाच पाहिजे. एकदां बसविलेला मंत्री मरेपर्यंत हालवूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीनें तर मंत्र्यांच्या संख्येसहि लोकसभेच्या सभासदांच्या शेंकडा १५ ची मर्यादा घातली. ५४३ सभासदांच्या सभागृहांत ती ८१ वर येते. ७ जुलै २०२१ रोजीं एकाच दिवशीं बारा मंत्र्यांचे राजीनामे घेऊन ४३ जणांस शपथ देण्यांत आली. ह्यांत बेकायदेशीर असें कांहीं नाहीं. पण अशा दिवशीं जे जातात त्यांचा निरोप दोन ओळींच्या पत्रांत आटोपतो, आणि ते कां गेले हें त्यांस निवडून देणाऱ्या शेतकऱ्यास व मजुरास वृत्तपत्रांच्या तर्कांवरूनच ताडावें लागतें.

वस्तुतः जाणाऱ्या मंत्र्याचें तोंड कायद्यानें बांधलेलें नाहीं. राजीनामा दिलेल्या मंत्र्यानें, सभापतींच्या संमतीनें, आपल्या राजीनाम्याचा खुलासा सभागृहांत करावा अशी सोय लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत १९९ व्या क्रमांकावर आहे. निवेदनाची प्रत एक दिवस आधीं सभापतींकडे धाडावी लागते, ज्या मागणीवरून बाबासाहेब उठून गेले तीच ही. आणि निवेदन झाल्यावर त्यावर चर्चा होत नाहीं. बोलणारा बोलतो, सभागृह ऐकून घेतें, व दुसरें काम पुढें घेण्यांत येतें.