सड्यावरचे पाणी

दिवाळी आणि शिमगा यांच्यामधली एखादी सकाळ निवडा आणि ऊन चढायच्या आत गोव्यातल्या हरमलला पोचा. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला डोंगर थेट समुद्रात उतरला आहे. त्याच्या पायथ्याने, खडकांच्या कडेकडेने एक वाट जाते आणि कालाच्या छोट्या पुळणीवर उतरते. इथे समुद्राच्या अगदी शेजारी, वाळूच्या अरुंद पट्ट्यामागे, गोड्या पाण्याचे तळे आहे. त्या पट्ट्यावर बसा. घाई नको. डावा हात ओल्या वाळूवर, उजवा कोरड्या वाळूवर ठेवा आणि लाटेचा आवाज थोडा वेळ नुसता ऐका.

मग तळ्याकडे तोंड करा. पाऊस जाऊन महिने झाले आहेत, आभाळात ढग नाही, तरी तळे भरलेले आहे. काही पावलांवर अरबी समुद्र असूनही पाणी गोडे आहे. हे पाणी येते कुठून? आजच्या चालण्यात एवढा एकच प्रश्न सोबत घ्या. उत्तर ठाऊक असले तरी ते बाजूला ठेवा, पायांना ते नव्याने सापडू द्या.

तळ्यामागच्या खोऱ्यात ओढ्याच्या काठाने चढा. ऊन मागे राहते, हवा दमट होते, मुळ्या वाटेवर आडव्या येतात. रान दाट आहे, पण चालणे अवघड नाही. आत एक जुना वड आहे, त्याच्या पारंब्यांखाली जगभरची माणसे येऊन राहून गेली आहेत. तुम्ही तिथे राहू नका, थांबा मात्र. ओढ्याचा आवाज कान देऊन ऐका. तो एकसारखा नाही: दगडावर वेगळा, पानांच्या कुजलेल्या थरावर वेगळा, जिथे मातीतून नुसते पाझरते तिथे आवाजच नाही. त्या आवाज नसलेल्या जागेशी वाका. ओल्या मातीवर तळवा टेका. तो गार पडेपर्यंत काढू नका. पाणी आधी या जागी बाहेर येते आणि मग ओढा होते.

आता चढण. काजू, करवंदीच्या जाळ्या, मधूनच माट्टी, म्हणजे आपला ऐन, जो गोव्याचा राज्यवृक्ष आहे. त्याच्या सालीवरच्या भेगा सुसरीच्या पाठीची आठवण करून देतात. दम लागेल. लागू द्या. श्वास मोजू नका, फक्त तो सोडताना थोडा लांब सोडा आणि पुढचे पाऊल त्या सुटलेल्या श्वासावर टाका. पाऊसही या उतारावर असाच हळू उतरला तर डोंगरात मुरतो, धावला तर माती घेऊन समुद्रात जातो.

आणि मग झाडे अचानक संपतात. तुम्ही सड्यावर आलेले असता.

पहिल्यांदा येणाऱ्याला इथे काहीच दिसत नाही. तांबडा-काळा कातळ, पिवळे पडलेले गवत, एखादी टिटवी आणि वारा. उत्तरेला खाली केरीची पुळण, तेरेखोल नदीचे मुख आणि पलीकडच्या टेकडीवर किल्ला. पूर्वेला, हवा स्वच्छ असेल तर, सह्याद्रीची निळी रेघ. सरकारी कागदांवर अशा जागेला पडीक म्हणण्याची सवय आहे. मला ती सवय मनापासून खटकते, म्हणून इथे जरा जास्त वेळ बसा अशी माझी विनंती आहे.

कातळावर मांडी घाला आणि खाली बघा. जांभा हा भोकाभोकांचा दगड आहे. उष्ण आणि पावसाळी हवेत लाखो वर्षे मूळ खडकातली सिलिका झिजून वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले. लोहामुळे हा तांबडा रंग आला. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो या भोकांतून, भेगांतून खाली उतरतो. जांभ्याच्या थराखाली चिकणमाती लागली की पाण्याला पुढे खोल जाता येत नाही, ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत कुठेतरी झर होऊन बाहेर पडते. मडक्याला ओल सुटावी तसा हा डोंगर पुढचे कित्येक महिने पाझरत राहतो. मघाशी तळवा गार झाला तो या कातळावर श्रावणात पडलेल्या पावसाने.

डोळे मिटा. तुमच्या मांडीखाली, दगडाच्या आत, आत्ता या क्षणी पाणी चालले आहे. ते दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. त्याला समुद्रापर्यंत जायचेच आहे, आणि समुद्र तर हा समोर दिसतो आहे. तरी ते सरळ जात नाही. वाटेत माती, मुळे, विहिरी, बागा यांच्या हाती लागत जाते. त्या उशिरावरच खालची गावे वसली आहेत. पुन्हा एकदा श्वास घ्या, तो जरा धरा आणि सावकाश सोडा.

पावसाळ्यात याच कातळावर पाण्याची डबकी साठतात, सीतेची आसवे निळी-जांभळी फुलतात, दवबिंदूची किडे पकडणारी चिमुकली रोपे उगवतात. मातीचा थर बोटभरही नसतो, तरी हे होते. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या जांभ्यावर फार पूर्वीच्या माणसांनी प्राणी, मासे, माणसे, न उलगडणाऱ्या आकृती कोरून ठेवल्या आहेत. त्यांतल्या नऊ ठिकाणांची नावे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यात गोव्यातले पणसायमळही आहे. ज्यांनी ती कोरली त्यांना हा कातळ रिकामा वाटला नसणार.

याच पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या सड्यावर आता विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. माणसांना प्रवास करायचा असतो, हे मला मान्य आहे. पण धावपट्टीचे डांबर पाणी पीत नाही. त्या सड्याच्या उतारांवरच्या झरींचा विचार मनात आला की मला अजून शांत बसता येत नाही. ही अस्वस्थता दडपू नका, तीही या मननाचाच भाग आहे.

उठा. केरीकडे उतरा. वाटेत एखाद्या झाडाखाली दगड, विझलेली पणती, वाहिलेले फूल दिसले तर पायातले काढून क्षणभर उभे राहा. तो राखणदार. या भागात प्रत्येक वाड्याला, प्रत्येक पाणवठ्याला राखणारा कुणीतरी असतो आणि त्याला वर्षाचा रोट चुकत नाही. श्रद्धा असो वा नसो, पाण्याला राखण लागते एवढे ज्यांना कळले होते त्यांच्यापुढे मान झुकवायला हरकत नाही.

केरीहून तेरेखोल नदीच्या काठाने पालयेवरून किरणपाणीकडे चाला. पलीकडचा काठ सिंधुदुर्गाचा, आरोंद्याचा. फक्त मुखापाशी, किल्ल्याभोवतीचा तेरेखोल गाव तेवढा नदीच्या उत्तरेला असूनही गोव्याचा. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. नदी सावंतवाडीच्या डोंगरात उगम पावते, बांद्यावरून येते, दोन राज्यांची हद्द होते, पण दोन्ही काठांवर तीच खारफुटी, तीच होडी, तीच बोली आहे.

कोरगावच्या बाजूला खाजनाच्या बांधावर बसा. हा दिवसातला सगळ्यात लांब थांबा असू द्या. एका अंगाला भरती-ओहोटीची खारी नदी, दुसऱ्या अंगाला शेत, मध्ये मातीचा बांध. बांधात एक मानस आहे: लाकडी दारे, ज्यांना उघडायला माणूस लागत नाही. भरती आली की नदीचे पाणी दारांना ढकलून बंद करते, ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. हे कुणा एकाने शोधून काढलेले नाही. गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या चिखल, पेंढा, दगड रचत, फुटलेला बांध रात्री-अपरात्री जाऊन बुजवत ते जपले आहे. जून-जुलैत डोंगरावरून आलेले गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते आणि मग कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात लागते. वर मोरड, मध्ये खेर, खाली खाजन, अशी शेताची तीन पायऱ्यांची उतरण आहे आणि तिन्ही पायऱ्या एकाच पाण्यावर जगतात.

दारांकडे बघत राहा. पाणी फिरायची वेळ साधली तर असा एक क्षण येतो की ती उघडीही नसतात आणि मिटलेलीही नसतात. त्या वेळी मनात जे चालले असेल ते तसेच असू द्या, त्याला वळण लावू नका.

दुसऱ्या दिवशी डिचोलीत जा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण फक्त पेडण्याचा किनारा चालून आलेल्या माणसाला पाणी अखंड आहे असेच वाटेल. मयेचे तळे डोंगरांच्या कुशीत आहे, ते बघा. साखळीजवळच्या हरवळ्याला जांभ्यात कोरलेली लेणी आहेत, सहाव्या-सातव्या शतकातली मानली जातात; आत शिरा, लिंगासमोर बसा, दगडाचा गारवा पाठीला लागू द्या. शेजारी रुद्रेश्वर आणि धबधबा. मग शिरगावला जा.

शिरगाव हे लईराई देवीचे गाव आणि खनिजाचेही. लोहखनिजासाठी खाणी पाण्याच्या पातळीखाली खोल गेल्या, आत भरणारे पाणी पंपांनी उपसत राहावे लागले, आणि गावच्या विहिरी आटल्या. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, पण खणलेल्या डोंगरात पाझरण्याच्या जुन्या वाटा परत येत नाहीत. जे धरून ठेवायला लाखो वर्षे लागली ते एका पिढीत सुटून गेले. खाणीवर ज्यांची चूल पेटत होती तीही याच गावांतली माणसे होती. त्यांनाही या विचारात जागा द्या, नाहीतर आपले दुःख फार स्वस्त होते.

वैशाख शुद्ध पंचमीला, विहिरी सगळ्यात खोल गेलेल्या असतात तेव्हा, शिरगावात जत्रा भरते. व्रत धरलेले धोंड तळीत स्नान करतात आणि पहाटे होमखंडातल्या निखाऱ्यांवरून चालत जातात. निखाऱ्यांआधी पाणी लागते आणि ते ऐन वैशाखात लागते.

गावातून निघण्यापूर्वी एखाद्या वयस्क बाईला वा बाबाला नमस्कार करून विचारा: तुमच्या विहिरीला पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी पुरायचे आणि आता कुठल्या महिन्यापर्यंत पुरते? सांगतील तेवढे सगळे ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.