ओळखीचा खातेदार, अनोळखी पैसा

नोव्हेंबर 2024 मध्ये मालेगाव हादरले. काही बेरोजगार तरुणांच्या नावावरच्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरल्याचे उघड झाले. नोकरीचे आमिष दाखवून त्यांची आधार-पॅनची कागदपत्रे घेतली होती, असे तपासात पुढे आले. खाती नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, आपल्या नामकोच्या, मालेगाव शाखेतली. पोलिसांपाठोपाठ ईडीही आली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. मला सलतो तो वेगळाच प्रश्न.

केवायसीचे कागद खातेदार कोण ते सांगतात. पण हाताला काम नसलेल्या पोराच्या खात्यात कोटींची रक्कम का यावी, हे माणसालाच विचारावे लागते. सहकारी बँकेची सारी पुण्याई या ओळखीवर उभी आहे. शाखेतल्या माणसाला गल्ली ठाऊक असते, धंदा ठाऊक असतो. ती ओळख कर्ज देताना वापरायची आणि पैसा येताना विसरायची, हे चालणार नाही.

कायदा बँकेच्या बाजूने आहे. 2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार संशयास्पद व्यवहार, रक्कम कितीही असो, फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवावा लागतो. कळवल्याबद्दल बँकेवर वा कर्मचाऱ्यावर खटला भरता येत नाही. रिझर्व्ह बँकेने दुसऱ्याचा पैसा फिरवायला दिलेली भाड्याची खाती हुडकणारी ‘म्यूलहंटर’ ही संगणकप्रणालीही आणली आहे. तरीही संगणकाने दिलेला इशारा तपासायचा की नुसता निकाली काढायचा, हे खुर्चीतला माणूसच ठरवतो. त्याच्या डोक्यावर ठेवींचे टार्गेट असेल आणि व्यवहार अडवला म्हणून बदली होणार असेल, तर तो गप्प बसेल. म्हणून असे इशारे तपासणारा अधिकारी थेट संचालक मंडळाला उत्तरदायी हवा, व्यवसाय आणणाऱ्या साहेबाला नव्हे.

गप्प बसण्याची किंमत ठेवीदार मोजतात. 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेत एचडीआयएल या बांधकाम कंपनीची कर्जे लपवायला एकवीस हजारांवर बोगस खाती वापरल्याचा आरोप झाला. पैसे काढायच्या रांगेत मात्र पेन्शनर उभे राहिले. तेव्हा ठेवीला विमा होता फक्त एक लाखाचा. पाच लाखांचा झाला तो 2020 मध्ये.

तुम्ही सहकारी बँकेचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत लाभांशाआधी एवढे विचारा: आपल्याकडे संशयास्पद व्यवहार कोण तपासतो, आणि त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे का?