ओले धान्य

तुमसरला एका नातेवाइकाच्या फोटो स्टुडिओत मी २००३ ते २००९ अशी सहा वर्षे संगणकावर बसत होतो. राहायला मात्र चिखल्यालाच. आमचे गाव म्हणजे मँगनीजची खाण. खनिज काळे, धूळ काळी, आणि ती हाताच्या रेषांत एकदा बसली की साबणाला दाद देत नाही. त्या गावातून आणि आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसांना मी ताजमहालासमोर उभे करीत असे. कुणाला बर्फाचे डोंगर हवे असत, कुणाला गुलाबाच्या पाकळीत बसलेले नवराबायको. ईदच्या आधी हिरव्या घुमटाच्या पाठपडद्याला मागणी वाढायची. सीडीवर तयार पाठपडदे मिळत. फोटोतला माणूस कडेकडेने कापून घ्यायचा, कड जराशी मऊ करायची, नव्या थरावर ठेवायचा आणि पायाखाली सावली द्यायची. सावली विसरलो तर माणूस हवेत तरंगे आणि गिऱ्हाईक हसत हसत फोटो परत करी.

या कामात फसवणूक आहे, असे मला कधी वाटले नाही. खाणीतला मजूर ताजमहालासमोर उभा दिसला म्हणून तो आग्र्याला जाऊन आला, असे त्याची शेजारीणही मानत नव्हती. ती सजावट होती. हाताला मेंदी लावली म्हणजे हात जन्मतः लाल होते, असा दावा कुणी करीत नाही, तसेच हे.

तसबिरीबद्दल आपल्या समाजात जुना संकोच आहे. ज्या घरात तसबीर असते तिथे फरिश्ते येत नाहीत, असे माझी दादी सांगे. आमच्या घराच्या भिंती म्हणूनच कोऱ्या राहिल्या. पण हजला जायचे तर पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टला फोटो लागतो. गरजेपोटी आत आलेला फोटो हळूहळू ट्रंकेतल्या अल्बमपर्यंत पोचला. त्या वादात मी शिरत नाही, तो आलिमांचा विषय. मला बोलायचे आहे ते त्यापुढच्या गोष्टीबद्दल. फोटो आहे हे मान्य केल्यावर त्यात किती हात घालायचा?

हात घालणे नवे नाही. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग बुजवणारे कारागीर पूर्वी स्टुडिओत असत; काळ्यापांढऱ्या फोटोंत ब्रशाने रंग भरणारेही असत. मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नोल याने १९८७ साली, पुढे आपला भाऊ जॉन याच्या साथीने, एक प्रणाली लिहायला घेतली. अॅडोबी कंपनीने १९९० साली ती 'फोटोशॉप' नावाने बाजारात आणली. कारागिराला वर्षानुवर्षे लागणारा हात पुढे माझ्यासारख्याला काही महिन्यांत येऊ लागला. सोपे झाले म्हणून विचार करायला सवडही राहिली नाही.

एकदा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. स्थळ दाखवायला फोटो हवा होता. मुलगी सावळी, डोळे फार बोलके. फोटो काढून झाल्यावर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जरा गोरी करून द्या भाई." 'कर्व्ह्ज' नावाची एक रेषा असते. ती मधोमध धरून थोडी वर उचलली की चेहरा उजळतो. मी उचलली. महिनाभराने ते पुन्हा आले. मुलाकडची मंडळी येऊन चहा पिऊन गेली होती. फोटोतली मुलगी ही नव्हे, असा निरोप मागाहून आला होता. मला वाटले, आता हे माझ्यावर चिडतील. पण ते म्हणाले, "या वेळी थोडी कमी गोरी करा. ओळखू येईल इतकीच." मुलगी स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत होती. तिचे मत मी विचारले नाही आणि त्यांनीही नाही.

त्या रात्री मला धान्याच्या राशीची हदीस आठवली. बाजारातून जाताना पैगंबर (स.) यांनी एका राशीत हात घातला. वरचे दाणे कोरडे, आतले ओले. पाऊस लागला, असे विक्रेता म्हणाला. मग ओले दाणे वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असे बजावले. तुमसर ही धानाची बाजारपेठ. तिथल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गुलाबाची पाकळी आणि उजळलेला चेहरा यांतला फरक मला त्यात सापडला. पहिल्या फोटोवर विसंबून कुणी काही ठरवत नाही, दुसऱ्यावर विसंबून एक घर दुसऱ्या घराशी सोयरीक ठरवते. म्हणजे मी ओल्यावर कोरडे पसरत होतो.

बरेच दिवस मी या उत्तरावर खूश होतो. मग त्यातली खोट दिसली. ओले धान्य खरोखर खराब असते, त्याला कोंब फुटतो, बुरशी धरते. सावळा चेहरा कशाने खराब झाला? ही उपमा लावताना मीही त्या मुलीला ओल्या दाण्यांच्याच बाजूला ठेवले होते. मुलाकडच्यांना फसवले हा गुन्हा झालाच. पण त्यांचे माप बरोबर आहे, असे तिच्या देखत, तिच्याच चेहऱ्यावर रेषा ओढून मी तिला सांगितले, तो मोठा. त्यासाठी माफी कुणाची मागायची, हे मला अजून उमगलेले नाही.

हे माप आपल्याकडचेच आहे असेही नाही. जून १९९४ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेले खेळाडू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला. 'न्यूजवीक'ने तोच फोटो त्याच आठवड्यात आहे तसा छापला. दोन्ही अंक शेजारी शेजारी दिसले आणि गदारोळ झाला. आरोपी करायचा तर रेषा खाली ओढायची, वधू करायची तर वर. मी तीच रेषा वापरत होतो.

अब्बांचा इंतकाल २००६ साली झाला. त्यांचा एकच धड फोटो होता, ओळखपत्रावरचा, खांद्यावर शिक्का उमटलेला. अम्मीसाठी मी तो मोठा केला. शिक्का काढला, मागे फिकट आकाश दिले. अब्बांच्या गालांवर लहानपणी आलेल्या देवीचे वण होते. २००२ च्या आवृत्तीपासून 'हीलिंग ब्रश' नावाचे अवजार आले होते. तासाभरात गाल स्वच्छ झाले. हीलिंग म्हणजे जखम भरून येणे. पण वण ही भरून आलेलीच जखम असते, तिला आणखी काय बरे करायचे, हे त्या वेळी सुचले नाही.

अम्मीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "चेचक के दाग किधर गये?" मग जे तिने कधी सांगितले नव्हते ते सांगितले. त्या साथीत अब्बांची दोन धाकटी भावंडे गेली होती, हे एकटे वाचले. दादी त्या वणांवरून हात फिरवायची. १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला. आमच्या घरात तो रोग नोंदलेला होता तो फक्त अब्बांच्या गालांवर, आणि मी तो पुसला होता. ओळखपत्र पुन्हा स्कॅन करून मी वणांसह दुसरी प्रत काढली. पहिली फाडायला घेतली तर अम्मीने हातातून काढून घेतली. "ये वहाँ का है," ती म्हणाली, "और वो यहाँ का." दोन्ही तिच्या ट्रंकेत आहेत. एवढा विचार करून मी जो निवाडा केला होता, तो तिच्या ट्रंकेत बसत नाही.

निवाड्याला तसा आता फारसा वावही उरलेला नाही. गेल्या वर्षी भाचीने नव्या फोनवर अम्मीचा फोटो काढला. अम्मीच्या कपाळावरच्या सुरकुत्या अर्ध्या गायब. भाचीने काहीच केले नव्हते; फोनने आपणहून त्वचा मऊ केली होती. कर्माचा हिशेब नियतीवर, उद्देशावर होतो, असे आपण मानतो. मी रेषा उचलली तेव्हा नियत माझी होती, वाईट का होईना. इथे नियत कुणाची धरायची? फोन बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची, की न विचारता बटण दाबणाऱ्या आपली?

भाचीला म्हटले, हे बंद कर. तिने सेटिंगमध्ये जाऊन बंद केले. आठवड्याने पाहिले तर पुन्हा सुरू होते. तिनेच केले की आपोआप झाले, ते मी विचारले नाही.